नववीचे विषय कसे निवडावेत?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आठवीतल्या मुलीच्या शाळेने पुढील वर्षाच्या हायस्कूलसाठी विषयांचा अर्ज दिला आहे. सर्व विषय ऑनर्सचे, म्हणजे वरच्या, अधिक कठीण पातळीचे घ्यावेत, असे आम्हा दोघांना वाटते; तिला मात्र चित्रकला हवी आहे. काय करावे?

उत्तर : चित्रकला अवश्य घेऊ द्यावी. न्यू जर्सीत हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी किमान 120 क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे एकक) लागतात आणि त्यांत दृश्य किंवा प्रयोगकलेचे 5 क्रेडिट अनिवार्यच आहेत, त्यामुळे तो वेळ वाया जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खरा विचार गणिताचा करायला हवा, कारण तिथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. आठवीत अल्जेब्रा 1 (बीजगणिताचा पहिला टप्पा) पूर्ण झाले असेल, तर नववीत भूमिती, मग अल्जेब्रा 2 आणि प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी) असे करत बारावीत कॅल्क्युलस (कलन) घेता येते. अल्जेब्रा 1 नववीत सुरू झाले, तर सहसा प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोहोचता येते. मात्र पाया कच्चा असताना वरच्या वर्गात ढकलण्याचा आपल्याकडचा सोस इथे महागात पडतो, कारण नववीपासूनचे गुण महाविद्यालयाकडे जाणाऱ्या गुणपत्रकात दिसतात. म्हणून ऑनर्स तिच्या आवडीच्या एकदोन विषयांतच घ्यावे. परदेशी भाषा मात्र अशी निवडावी, की जी ती पुढेही दोनतीन वर्षे शिकेल.

अर्जावर सही करण्यापूर्वी शाळेच्या समुपदेशकांना भेटा, आणि त्या भेटीत मुलीलाच बोलू द्या.