वाचकांचे प्रश्न : श्रीलंकेतून सैन्य परत आणणे योग्य होते का?

प्रश्न : माझे चुलते 1988 मध्ये भारतीय शांतिसेनेबरोबर उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात होते. 'आम्ही जिंकत आलो होतो, दिल्लीनेच कच खाल्ली', असे ते आजही म्हणतात. सुमारे बाराशे जवान गमावल्यानंतर अर्ध्यातून परतणे हा त्या जवानांच्या बलिदानाचा अपमान नव्हे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रणांगणापुरते बोलायचे तर आपल्या चुलत्यांचे म्हणणे खोटे नाही. ऑक्टोबर 1987 मध्ये सुरू झालेल्या कारवाईत आपल्या सैन्याने जाफना शहर जिंकले होते. तरीही माघार योग्य होती, आणि ती बरीच आधी व्हायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, तेव्हा आपल्या सैन्याचे काम शस्त्रे जमा करून घेणे आणि शस्त्रसंधीवर देखरेख ठेवणे एवढेच होते. ज्या एलटीटीईची, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची, शस्त्रे घ्यायची, तिची त्या करारावर सहीच नव्हती. अवघ्या अडीच महिन्यांत शांतिसेना स्वतःच युद्धातला एक पक्ष बनली, आणि हा बदल करताना युद्ध कशासाठी व कुठवर लढायचे, हे कोणीही देशाला सांगितले नाही. जाफना विद्यापीठात एलटीटीईचे नेते हाती लागतील या आशेने ऑक्टोबरमधील एका रात्री 13 शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जवान हेलिकॉप्टरने उतरवण्यात आले. शत्रू आधीच सावध होता. 29 जवान धारातीर्थी पडले आणि उरलेला एक शत्रूच्या हाती लागला.

महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी हल्ला केला. मेजरसाहेबांनी वळसा घालून हल्लेखोरांना मागून गाठले, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. अशा माणसांनी आपले कर्तव्य पुरेपूर बजावले होते. जे त्यांच्या हाती नव्हते, म्हणजे सिंहली आणि तमिळ समाजांमधला राजकीय तोडगा, ते काम कोलंबोतल्या राज्यकर्त्यांचे होते आणि ते त्यांनी केले नाही.

उलट, जयवर्धने यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी 1 जून 1989 रोजी आपल्या सैन्याला जुलैअखेर चालते व्हायला सांगितले, आणि त्यांच्याच सरकारने एलटीटीईला शस्त्रेही पुरवली. ज्यांच्या विनंतीवरून आपण गेलो तेच आपल्या जवानांवर रोखलेल्या बंदुका भरून देत असतील, तर तिथे आणखी एकही जवान का मरावा? देशाची पत राखण्यासाठी, असे उत्तर तेव्हा दिले जाई. मला ते मुळीच पटत नाही. गेलेल्या बाराशेंसाठी आणखी चारशे घरांत तार पोहोचवणे हा गेलेल्यांचा सन्मान ठरला नसता. शिवाय ज्या तमिळ जनतेने प्रारंभी आपल्या जवानांना हार घातले, तिचेही हाल झाले. जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर 1987 मध्ये आपल्या सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या, हे आपण विसरता कामा नये.

प्रश्न : पण आपण निघताच युद्ध पुन्हा भडकले. मग परतून काय साधले?
— तेच वाचक

उत्तर : जून 1990 मध्ये ते भडकले आणि मे 2009 पर्यंत चालले, हे खरे आहे. मात्र आपण थांबलो असतो तर ते टळले असते, असे मानायला आधार नाही. आपण तिथे होतो ती अडीच वर्षेही युद्धाचीच होती. माझी तक्रार माघारीबद्दल नसून तिच्या तयारीबद्दल आहे. श्रीलंकेच्या ईशान्य प्रांतातले मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांचे प्रशासन आपल्या भरवशावर उभे होते, आणि त्याच्यासाठी सक्तीने भरती केलेल्या तमिळ पोरांच्या हाती शस्त्रे देण्यात आली होती. प्रेमदासांच्या मागणीपासून 24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघेपर्यंत नऊ महिन्यांहून अधिक काळ हाताशी होता. त्या काळात या पोरांच्या सुरक्षिततेची हमी कोलंबोकडून लेखी घ्यायला हवी होती, आणि ती मिळत नसेल तर त्यांना कुटुंबांसह आधी भारतात आणायला हवे होते. पेरुमल यांना भारतात आसरा मिळाला, पण मागे राहिलेली कित्येक पोरे एलटीटीईच्या तावडीत सापडली.