हिप-हॉपवाले जुन्या फंक-सोल-जॅझ रेकॉर्डमधले तुकडे उचलतात, ही चोरीच नाही का?

तुमच्या प्रश्नाला मी एकाच रेकॉर्डवरून उत्तर देतो. नोव्हेंबर 1969, अमेरिकेतलं सिनसिनाटी शहर. फंक गायक जेम्स ब्राऊनचा ताफा ‘फंकी ड्रमर’ हे गाणं वाजवतोय. पाच मिनिटं उलटून गेल्यावर ब्राऊन ड्रमर क्लाइड स्टबलफील्डला सांगतो, सोलो नको, वाजवतोयस तेच चालू ठेव. बाकीची वाद्यं थांबतात आणि वीसेक सेकंद एकटा ड्रम वाजतो. आठ बार, म्हणजे 32 मात्रा. आपल्या तीनतालाची फक्त दोन आवर्तनं!

मी काही वर्षं तबला शिकलोय, म्हणून त्या सूचनेचं मोल मला लगेच कळलं. नुसत्या ठेक्यावर ऐकणाऱ्याला डोलायला लावणं कायदे-रेले यांसारख्या तबल्याच्या रचना वाजवण्याहून अवघड असतं. स्टबलफील्डचा डावा हात ऐका. स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवरच्या ठळक ठोक्यांच्या मधे तो इतके हलके ठोके पेरतो की ते जेमतेम ऐकू येतात, पण काढून टाकले तर सगळा ठेका कोरडा पडेल. शिवाय ब्राऊनचा आग्रह असे पहिल्या मात्रेवर जोर देण्याचा. आपण समेवर येतो, तसे ते ‘द वन’वर येत.

आता हिप-हॉप. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, पार्ट्यांमध्ये रेकॉर्ड लावणाऱ्या डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं की गाणं थांबून नुसता ड्रम सुरू झाला की लोक सर्वांत जास्त नाचतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी-शेजारी लावून तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवू लागला. रॅप पुढे याच जागेवर उभं राहिलं. 1987 मध्ये एसपी-1200 हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र, आला. त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. त्यामुळे नेमकं काय घ्यायचं, याची पारख असावीच लागे. पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या ‘फाइट द पॉवर’ गाण्यामध्ये (1989) स्टबलफील्डचाच ठेका आहे.

जॅझवाल्यांनाही यात परकं वाटलं नाही. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात पूर्वी असलेला रॉन कार्टर 1991 मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाच्या अल्बमवर स्वतः डबल बेस हे मोठं तंतुवाद्य वाजवायला आला.

म्हणून तुकडा उचलण्याला मी चोरी म्हणत नाही. गाण्यातली कोणती वीस सेकंदं जपायची, हे ओळखायला कान लागतो. मला राग येतो तो हिशेबाचा. कायद्याच्या लेखी गाणं रचणाऱ्याचं, आणि रचनाकार म्हणून नाव ब्राऊनचं. हजाराहून जास्त गाण्यांत वाजलेल्या त्या ठेक्याची रॉयल्टी स्टबलफील्डला मिळाली नाही. 2017 मध्ये तो गेला. ठेका हीदेखील रचनाच आहे, हे कुठल्याही तबलजीला विचारा.

मूळ गाणं ‘इन द जंगल ग्रूव्ह’ या 1986 च्या संग्रहात पूर्ण आहे. हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर डाव्या हाताचं ते काम हरवून जातं.