दोन गावांतलं एक भाषण

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषणांचे दोन्ही खर्डे मिळाले. टाळ्यांच्या जागा लाल शाईने आधीच दाखवल्या आहेस, ते पाहून हसू आलं. तुझ्या वयात मीही हेच करायचो.

तुला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची १८५८ सालची गोष्ट सांगतो. सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, एका जागेसाठी लिंकन (पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच) आणि त्याचा प्रतिस्पर्धी डग्लस सात गावांत समोरासमोर बोलले. पहिल्याने एक तास, दुसऱ्याने दीड, मग पहिल्याला पुन्हा अर्धा तास. माइक नाही, काही नाही. डग्लस बुटका, आवाज भारदस्त. लिंकन ताडमाड, आवाज किनरा; पण तोच लांबपर्यंत पोचायचा. ऑल्टनच्या शेवटच्या सभेपर्यंत डग्लसचा घसा पार बसला होता.

तू मात्र तिसऱ्याच माणसाकडे बघ. रॉबर्ट हिट, लघुलेखक. फ्रीपोर्टला तो गर्दीत अडकला, तेव्हा लिंकनने त्याच्यासाठी सभा थांबवली आणि लोकांनी त्याला डोक्यांवरून उचलून मंचावर पोचवलं, असं सांगतात. समोर हजारो माणसं, आणि लिंकनला काळजी एका पेन्सिलीची! कारण इथलं बोलणं लगेच शिकागोच्या पेपरात छापून यायचं.

तीच पेन्सिल लिंकनला नडलीही. शिकागोत तो ‘सगळी माणसं समान’ म्हणाला होता. चार्ल्सटनला, जिथे दक्षिणेतून आलेली वस्ती बरीच, तिथे म्हणाला की काळ्यांना मतदार किंवा ज्युरर (खटल्यात निवाडा देणारा पंच) करावं या मताचा मी नाही. गेल्सबर्गला डग्लसने दोन्ही उतारे लोकांना वाचून दाखवले. लिंकनचं उत्तर काय, तर दोन्हींत विरोध नाही, आणि भाषणं छापली जाणार हे मला ठाऊक होतंच. वकिली उत्तर. मला ते कधी पटलं नाही.

तेव्हा सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडायचं. डग्लस ५४ विरुद्ध ४६ असा जिंकला. हरलेल्या लिंकनने पेपरांची कात्रणं वहीत चिकटवली, १८६० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यात डग्लसची भाषणं डग्लसच्याच बाजूच्या पेपरातली घेतली होती. चार्ल्सटनचं भाषणही गाळलं नाही.

बाजार समितीतल्या आणि गावातल्या सभेचे तुझे खर्डे परत पाठवतोय. दोन्हींत कांद्याच्या भावाच्या ओळीखाली रेघ मारली आहे. शेजारी शेजारी ठेवून वाच, मग फोन कर.

तुझा,
काका