पुस्तकं काढून द्यायला डिग्री कशाला?

प्रश्न : मुलगी यंदा बी.ए. झाली. शिवाजी विद्यापीठात बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी करायची म्हणते. आमच्या पेठेतल्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना महिन्याला चार हजार मिळतात. पाहुणे विचारतात, पुस्तकं काढून द्यायला डिग्री कशाला? तिला काय सांगू? – एक वडील, कोल्हापूर

नमस्कार.

चार हजार म्हणजे तुमच्या पेठेतल्या ग्रंथपालांचं बरं चाललंय म्हणायचं. 2022 मध्ये राज्यानं सार्वजनिक ग्रंथालयांचं अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा ‘ड’ म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाचं 30 हजारांचं 48 हजार झालं. महिन्याचं नाही, वर्षाचं. त्यातलं निम्मं पगाराला धरलं तरी महिन्याला दोन हजार पडतात.

दुखणं जुनं आहे. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा आपल्याच कोल्हापूर संस्थानानं 1945 साली केला, मद्रासच्याही तीन वर्षं आधी. पुढं संस्थान विलीन झालं आणि 1967 साली महाराष्ट्राचा कायदा आला. त्यात तामिळनाडू, कर्नाटकासारखा ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा वेगळा कर नाही. त्यामुळं वाचनालयाला हक्काचा पैसा नाही, सरकारी अनुदानाच्या हप्त्याची वाट बघायची. एवढ्यावर घर चालत नाही, हे मुलीला स्पष्ट सांगा.

पण ‘ग्रंथपाल’ या एका नावाखाली दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. अनुदानित कॉलेजातल्या ग्रंथपालाला यूजीसीची वेतनश्रेणी असते. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 57,700 रुपयांपासून, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकंच. त्यासाठी बी.लिब. पुरत नाही. एम.लिब.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. मंजूर जागा थोड्या आणि भरती वर्षानुवर्षं रखडते, हेही खरंच. शाळेत बऱ्याचदा अर्धवेळ पद मिळतं.

आता मानाचं. पगार चांगला असला की मान मिळतो असंही नाही. एका कॉलेजात दर्जा तपासणारी नॅकची समिती यायच्या आदल्या रात्री नऊपर्यंत ग्रंथपालबाई नोंदी जुळवत बसलेल्या मी पाहिल्यात. दुसऱ्या दिवशी स्टेजवर सगळ्या विभागप्रमुखांच्या खुर्च्या होत्या, बाईंची नव्हती. पगार प्राध्यापकाचा, पण वागवणूक ‘लायब्ररीवाल्या मॅडम’ची. याची तयारी ठेवावी लागते.

पाहुण्यांचं म्हणाल, तर त्यांना काऊंटरच तेवढा दिसतो. प्रवेशाआधी मुलीला घेऊन 1850 सालच्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरात जा आणि नवीन पुस्तक रॅकवर कसं पोचतं, ते विचारा. दाखल नोंदवहीत नंबर पडतो, मग विषय ठरतो. मराठी साहित्य असेल तर विषयाला आकडा देणाऱ्या ड्युईच्या पद्धतीत 891.46. पण बेळगावच्या सीमाप्रश्नावरचं पुस्तक इतिहासात ठेवायचं की राज्यशास्त्रात? तिथं चूक झाली की पुस्तक कपाटात असून हरवलं. डिग्री त्याचीच असते. मुलीला या प्रश्नात गंमत वाटली तर ती टिकेल. ‘दिवसभर वाचायला मिळेल’ म्हणून जात असेल तर थांबवा. ग्रंथपालाला वाचायला वेळ मिळत नाही.

माझं मत : करू द्या, पण बी.लिब.वर थांबवू नका. एम.लिब.बरोबरच सेटचा अभ्यास सुरू करायचा. ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घरच्या कॉम्प्युटरवर चालवून शिकायचं. शिवाय मोडी. कोल्हापुरात पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर आहे, मोडी कागदांचे ढीग आहेत; मोडी वाचणारा आणि सूची करता येणारा माणूस एकाच ठिकाणी क्वचित सापडतो. दोन-तीन वर्षांत जागा निघाली नाही तर हे हाताशी असेल.

आणि कुठूनही बोलावणं आलं तर जायच्या आधी विचारायचं : पद मंजूर आहे का, पूर्णवेळ आहे का, पगार बँकेत जमा होतो का? नेमणुकीच्या पत्रात ‘वेतन’ लिहिलंय की ‘मानधन’, हे तिनं सही करण्याआधी तुम्हीही एकदा वाचा.