तोच फॉर्म पुन्हा भरण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा वाईट वाटले, आणि पुन्हा वाचले तेव्हा थोडा रागही आला. विमान कंपनीच्या वैमानिक भरतीत तू लेखी परीक्षा पास झालीस, सायकोमेट्रिक (मानसिक क्षमतेची चाचणी) पास झालीस, सिम्युलेटरच्या, म्हणजे नकली कॉकपिटमधल्या, चाचणीनंतर मात्र कंपनीचा दोन ओळींचा नकार आला, आणि आता थांबण्याची मुदत संपत आली आहे म्हणून 'सर, पुन्हा फॉर्म भरू का?' एवढेच तू विचारतेस. त्या दिवसापासून आजपर्यंत तुझ्यात काय बदलले, याविषयी पत्रात एक ओळही नाही. मग मी कशाच्या आधारावर हो म्हणू?

धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही; ते सांगायला घरात आणि गावात माणसे पुष्कळ असतात. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत नववे आलेल्या आणि जागा आठच असल्यामुळे राहून गेलेल्या कलामांची गोष्टही तुला आतापर्यंत चार जणांनी ऐकवली असेल. मोठा माणूस, यात वाद नाही. पण ते तिथे पुन्हा गेले नाहीत, दुसऱ्या वाटेने गेले. तुला त्याच दारात पुन्हा उभे राहायचे आहे, तेव्हा ती गोष्ट तुझ्या उपयोगाची नाही.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा ऐकावे लागेल: जिला त्यांनी नाकारले, तीच मुलगी त्यांच्यापुढे पुन्हा पाठवू नकोस.

बहुतेक कंपन्या नाकारलेल्या उमेदवाराला काही महिने पुन्हा अर्ज करू देत नाहीत. कुठे सहा महिने, कुठे वर्ष. तुम्ही मुले त्याला 'कूलिंग पीरियड' म्हणता आणि शिक्षा भोगल्यासारखे त्याचे दिवस मोजता. ती मुदत संपली म्हणजे कंपनीने तुला बोलावले असे होत नाही. मधल्या काळात काही घडले असेल तरच त्या मुदतीला अर्थ आहे, आणि घडले नसेल तर ती संपण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म भरण्याची घाई करून तू फक्त दुसरा नकार जवळ आणतेस. पहिला नकार कोणाच्याही वाट्याला येतो, पण त्याच कारणासाठी आलेला दुसरा नकार पुसणे फार अवघड असते.

आता सिम्युलेटरकडे वळू. 'सिम फार जड होता, एका छोट्या सेसना विमानावरून आलेल्या माणसाला तो कसा झेपणार' असे तू लिहिले आहेस. तो सगळ्यांनाच जड असतो. तुझ्या आधी आणि तुझ्यानंतर त्याच खुर्चीत बसलेली मुलेही सेसना किंवा डायमंडसारख्या छोट्या विमानांवरूनच आली होती आणि त्यातली काही निवडली गेली. ते यंत्र तुला येत नाही हे परीक्षकाला तू दार उघडण्याआधीच माहीत असते. न येणाऱ्या यंत्रासमोर तू काय करतेस, हे त्याला पाहायचे असते.

काय केलेस ते तूच लिहिले आहेस, फक्त तुला ते दिसले नाही. ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (कुठे वळायचे ते दाखवणारी खूण) बंद, बाजूचा वारा, रॉ डेटावर, म्हणजे नुसत्या सुया पाहून, आयएलएस (धावपट्टीच्या रेडिओ संकेतांवर खाली येणे). धावपट्टीची मधली रेषा दाखवणारी लोकलायझरची सुई डावीकडे गेली, तू डावीकडे वळलीस; ती मध्ये येऊन उजवीकडे पळाली, तू उजवीकडे वळलीस. सुटलेल्या वासरामागे धावले की ते आणखी पळते, तसे हे आहे. धावपट्टी जवळ येते तसा लोकलायझरचा पट्टा अरुंद होत जातो, म्हणून दहा मैलांवर जी दुरुस्ती योग्य होती ती तीन मैलांवर दुप्पट-तिप्पट जास्त ठरते. सुईमागे वळायचे नसते. हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, धरायचे, सुई कोणत्या बाजूला आणि किती वेगाने सरकते ते पाहायचे, पाच अंशांची दुरुस्ती करून थांबायचे आणि जवळ आल्यावर दोन अंशांवर यायचे. खाली उतरण्याचा दरही आकाशातून पडत नाही. तीन अंशांच्या ग्लाइड स्लोपला, म्हणजे उतरत्या वाटेला, ग्राउंड स्पीड निम्मी करून पुढे शून्य ठेवले की मिनिटाला किती फूट उतरायचे ते मिळते: १२० नॉटला ६००, १४० ला ७००. हे तुला ग्राउंड क्लासमध्ये शिकवले आहे, परीक्षेत तू लिहिलेही असशील, पण घाम फुटलेला असताना हाताला आठवले नाही.

आणि खरी चूक याहून पुढची आहे. पाचशे फुटांवर विमान रेषेत नव्हते, वेगही जास्त होता, आणि तरी 'आता आलेच आहे तर उतरवू' म्हणून तू पुढे गेलीस. ढगात असशील तर हजार फुटांवर आणि खाली धावपट्टी स्पष्ट दिसत असेल तरी पाचशे फुटांवर विमान स्थिर नसेल, तर गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जायचे. हा नियम विमान कंपनीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात असावा लागतो. तू गो-अराउंड केला असतास तर वाईट अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) करूनही कदाचित निवडली गेली असतीस. सुई नीट धरायला शिकवता येते. न जमलेली गोष्ट रेटून नेण्याची सवय मोडायला मात्र फार काळ लागतो, आणि मागे दीडशे-दोनशे प्रवासी बसवून ती मोडण्याचा प्रयोग कोणी करणार नाही. परीक्षकाच्या जागी मी असतो तर मीही तुला नाकारले असते. हे वाचून वाईट वाटेल, पण तुझ्या मैत्रिणींनी 'पॅनेलच खडूस होते' असे सांगून तुझे जे नुकसान केले आहे, त्यापेक्षा हे बरे.

तू विमानांच्या ऑर्डरींचाही हवाला दिला आहेस. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, वैमानिकांचा दुष्काळ आहे, मग आमच्यासारख्यांना का घेत नाहीत, असे तू विचारतेस. कारण टंचाई आहे ती कमांडरांची, म्हणजे कॅप्टनांची. कमांडर व्हायला एटीपीएल हे वरचे लायसन्स लागते, त्यासाठी १५०० तासांचे उड्डाण लागते, आणि तुझ्या लॉगबुकात सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला, पुरतील तेवढेच, दोनशेच्या आसपास तास आहेत. शिवाय प्रत्येक नव्या फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे शिक्षण, देण्यासाठी शेजारी प्रशिक्षक कॅप्टन बसवावा लागतो, आणि ते मोजकेच असतात. ज्या दाराशी तू उभी आहेस तिथे उमेदवारांची कमतरता कधीच नव्हती. ऑर्डरींच्या बातम्या वाचून तुझी सुई स्थिर होणार नाही.

आता त्या पंधरा-वीस लाखांविषयी. कोणीतरी तुला सांगितले आहे की परदेशात जाऊन स्वतःच्या पैशाने एअरबस ए-३२० चे टाइप रेटिंग (त्या जातीचे विमान उडवण्याची पात्रता) करून ये, मग नाकारण्याची हिंमत होणार नाही. वडिलांनी शिक्षणाच्या कर्जासाठी घर तारण ठेवले आहे हे तूच लिहितेस आणि पुढच्याच परिच्छेदात हे विचारतेस! २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेली, मोठ्या विमानांची रेटिंग असलेली माणसे रांगेत येऊन उभी राहिली. त्यांच्या शेजारी तुझ्या कोऱ्या रेटिंगची किंमत काय राहिली असती, याचा विचार कर. वापरात नसलेले रेटिंगही ठेवून टिकत नाही, त्याची चाचणी वेळोवेळी द्यावी लागते. आणि माझ्या मुद्द्यावर येतो: रेटिंग विकत घेऊन आलेली मुलगी ही तीच मुलगी असते, फक्त तिच्या फाइलमध्ये एक कागद वाढलेला असतो. पाचशे फुटांवर ती पुन्हा पुढेच जाईल.

मी हे कोणत्या अधिकाराने लिहितो, असे तुला वाटू शकते. १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना रान मोकळे झाले, त्या गर्दीत मीही होतो, आणि मलाही एका कंपनीने परत पाठवले. माझ्याबरोबरचे काही जण अमेरिकेतून बोइंगचे रेटिंग घेऊन आले आणि माझ्याआधी आत गेले. मी एका फ्लाइंग क्लबमध्ये असिस्टंट इन्स्ट्रक्टर झालो आणि तुटपुंज्या पगारावर, मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या हँगरमध्ये राहून इतरांच्या मुलांना सर्किट आणि लँडिंग शिकवत बसलो. पुन्हा अर्ज करायला सगळे मागे लागले होते. मी ऐकले नाही. समोरचा विद्यार्थी चुकीच्या दिशेने रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे पेडल) दाबतो आहे हे त्याने दाबण्याआधी मला कळू लागले, तेव्हाच मी फॉर्म भरला. विमान कंपनीत सगळे काही सीनिऑरिटीवर चालते: कमांड, बेस, सुट्टी, कोणते विमान मिळेल ते. रुजू होण्याची तारीख एकदा मागे पडली की ती निवृत्तीपर्यंत मागेच राहते. बॅचचे लोक लंडन आणि न्यूयॉर्कला जात होते तेव्हा मी नागपूर आणि भोपाळला जात होतो, आणि वाइड बॉडी, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी विमाने, माझ्या हाती कधीच आली नाहीत. याची खंत आहे; नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. पण माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही फर्स्ट ऑफिसरला अस्थिर अप्रोचवरून गो-अराउंड म्हणायला मी कधी कचरू दिले नाही, आणि ते मला त्या हँगरने शिकवले. मी स्वतःच्याच निर्णयाचे समर्थन करतो आहे असे तुला वाटेल. करतोच आहे. माझ्या जागी तू असतीस तर तूही केले असतेस.

तुलाही इन्स्ट्रक्टरच व्हायला हवे असे मी म्हणत नाही, जरी माझ्या मते त्यापेक्षा चांगला मार्ग नाही: तास वाढतात, हात चालू राहतो, चार पैसे मिळतात, आणि दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःचे अज्ञान उघडे पडते. बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही जागा निघते का ते पाहा. ते जमत नसेल तर घरच्या संगणकावर साध्या जॉयस्टिकने रोज तासभर रॉ डेटावर अप्रोच कर आणि दर चार-पाच अप्रोचपैकी एक मुद्दाम सोडून गो-अराउंड कर, म्हणजे हाताला त्याची लाज वाटणार नाही. परीक्षेआधी काही तास खऱ्या सिम्युलेटरचे घे. दुसऱ्या कंपन्यांकडेही पाहा. गोव्याच्या मोपा विमानतळावरून २०२४ मध्ये सुरू झालेली फ्लाय ९१ ही कंपनी एटीआर, म्हणजे पंख्यांची छोटी विमाने, उडवते, आणि एटीआरला नाक मुरडणाऱ्या मुलांनी तिच्यावर एखाद्या पावसाळी दुपारी कोकणात उतरून दाखवावे, मग बोलावे. पण तिथेही पाठवायची ती बदललेली मुलगी.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: 'यापूर्वी आमच्याकडे अर्ज केला होता का?' तिथे 'नाही' लिहायचा विचार मनात आला होता, असे तू कबूल केले आहेस म्हणून फार बोलत नाही. त्यांच्याकडे नोंद असते. आणि नसती तरी? २०११ मध्ये गोव्यात एका विमानाचे मागच्या चाकांऐवजी नाकाचे चाक आधी टेकले, त्या वैमानिकाची चौकशी झाली आणि त्यातून बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेल्या लायसन्सचे प्रकरण देशभर बाहेर आले. आपल्या धंद्यात कागदावरचे खोटे एक दिवस धावपट्टीवर येतेच. 'होय' लिही, तारीख लिही, आणि कोणत्या टप्प्यावर राहिले तेही लिही.

मुलाखतीत ते विचारतीलच: 'मागच्या वेळेपासून काय केले?' 'प्रतीक्षा केली' हे उत्तर नव्हे. 'खूप मेहनत घेतली' हेही नव्हे, ते सगळेच म्हणतात. 'मी पाचशे फुटांवर अस्थिर होते आणि गो-अराउंड केला नाही. सुईमागे वळत होते. त्यावर अमुक इतके तास, अमुक ठिकाणी, अमुक इन्स्ट्रक्टरकडे काम केले, आणि आता असे करते' हे उत्तर झाले. ते खरे असेल तर पाठ करावे लागणार नाही.

कागदपत्रांचे दोन शब्दांत: क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न पाहता उपकरणांवर उडवण्याची पात्रता) या दोन्हींच्या तारखा वर्षाच्या आत असू देत. निवड होऊन कागद कालबाह्य निघालेली मुले मी पाहिली आहेत; त्यांची मला कीवही येत नाही.

या आठवड्यात एकच काम कर. त्या सिम्युलेटरमध्ये बसल्यापासून उठेपर्यंत काय काय घडले ते आठवेल तसे, क्रमाने, वेग आणि उंचीसह लिहून काढ. परीक्षक कसा होता, खोली थंड होती की नाही, हे त्यात नको. शेवटच्या वर्षाच्या लॉगबुकच्या पानांच्या प्रतींसोबत ते मला पाठव. फॉर्म भरायचा की नाही हे ते वाचून सांगेन, आणि बहुतेक मी अजून थांब म्हणेन, हे आत्ताच लक्षात ठेव. फोन सकाळी दहानंतर कर.

तुझा,
एक जुना कॅप्टन