टॅक्स येणार म्हणून आत्ताच फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाकू का?

या वेळची पत्रं घेऊन बसले तर बऱ्याच पत्रांची सुरुवात एकाच व्हॉट्सअॅप फॉरवर्डने झालीये, की "सरकार वारसा कर आणतंय, जागे व्हा". काहींनी तो फॉरवर्ड पत्राला जोडून पण पाठवलाय. म्हणून या महिन्यात बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त वाटणी, वारसा आणि टॅक्स यावरचीच पत्रं घेतेय. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, मी ७१ वर्षांचा, रेल्वेतून रिटायर. डोंबिवलीत टू बीएचके आहे, १९९२ ला घेतलेला, माझ्या एकट्याच्या नावावर. मुलगा-सून आमच्याजवळच राहतात, मुलगी नाशिकला दिलीये. ग्रुपवर सारखं येतंय की वारसा कर लागणार आणि मेल्यावर अर्धी प्रॉपर्टी सरकारजमा होणार. मुलगा म्हणतो बाबा आत्ताच बक्षीसपत्र करून टाका, दोनशे रुपयांत काम होतं. हिला विचारलं तर काही बोलत नाही पण जेवताना ताट आपटते. काय करू?

उत्तर : दादा, आधी टॅक्सचं सांगते म्हणजे झोप लागेल. आज भारतात वारसा कर नाहीये. वडिलांकडून, नवऱ्याकडून, आजीकडून, मृत्युपत्राने किंवा मृत्युपत्राशिवाय, घर मिळो नाहीतर एफडी, मिळाल्याबद्दल एक रुपयाही इन्कम टॅक्स लागत नाही. पूर्वी मात्र होता हं. १९५३ साली इस्टेट ड्यूटी आली, लोक तिला मृत्युकरच म्हणायचे, आणि वरच्या टप्प्याला दर ८५ टक्क्यांपर्यंत होता. १९८४ ला मी ठाण्यात एका सीएंकडे आर्टिकलशिप करत होते तेव्हा अशी एक फाइल माझ्याकडे आली होती, घरातला माणूस जाऊन तेरावा उरकला नाही तोवर त्याच्या घड्याळाची, देव्हाऱ्यातल्या चांदीची आणि स्कूटरची किंमत लिहीत बसलो होतो आम्ही, त्या काकूंचा चेहरा अजून आठवतो. एवढं करून सरकारला मिळायचे वर्षाला साधारण २० कोटी! म्हणून १९८५ च्या बजेटमध्ये व्ही. पी. सिंग यांनी तो कर काढून टाकला. पुढे १९९८ ला गिफ्ट टॅक्स गेला, २०१५ ला संपत्ती कर गेला.

मग हा फॉरवर्ड कुठून आला? एप्रिल २०२४ मध्ये ऐन लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले, त्यावरून दोन्हीकडून गदारोळ झाला, त्यांच्या पक्षानेच हात वर केले, निवडणूक संपली पण फॉरवर्ड काही संपला नाही. उद्या कुठलंच सरकार असा कर आणणार नाही हे मी लिहून देऊ शकत नाही. पण आणलाच तर आत्ता घाईने दिलेलं सगळं सुटेल असंही नाही, कारण जुन्या कायद्यात मरणाआधीच्या दोन वर्षांत दिलेल्या भेटी सुद्धा इस्टेटीत धरायचे.

आता दोनशे रुपये. मुलगा चूक नाही बोलत, महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर स्टॅम्प दोनशेचाच आहे. पण डोंबिवली महापालिका हद्दीत येते, तिथे फ्लॅटच्या सरकारी किमतीवर अधिभार लागतो, तो लाखाच्या घरात जाऊ शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात आधी हिशोब काढून घ्या.

पण खर्च हा मुद्दाच नाहीये खरं तर. रजिस्टर झालेलं बक्षीसपत्र तुम्हाला मनात आलं म्हणून फाडता येत नाही. त्या दिवसापासून घर मुलाचं आणि तुम्ही दोघं त्याच्या घरात राहणारे. मुलगा चांगलाच असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाहीये, पण चांगल्या मुलाला पण धंद्यात खोट येते, तो घर तारण ठेवतो, घटस्फोट होतो. आणि एक गोष्ट कुणीच विचारात घेत नाही, बोलायला वाईट वाटतं पण लिहिते. समजा मुलगा तुमच्या आधी गेला आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नसलं तर हिंदू वारसा कायद्याने त्याच्या घराचे वारस कोण? त्याची बायको, मुलं आणि आई. बाप त्या पहिल्या यादीत नाहीच! म्हणजे ज्याने आयुष्यभर हप्ते फेडले त्याचाच हिस्सा शून्य. असं घर मी बघितलंय, म्हणून सांगतेय.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलं सांभाळत नसतील तर प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. पण ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली बरी, नाहीतर अट होती का नव्हती यावरच वाद, आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्याची उदाहरणं आहेत. सत्तरीत कशाला ती पायरी चढायची.

माझं ऐकाल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात (ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत), रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून टाका, आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा की मन शाबूत आहे. त्यात पहिली ओळ ही लिहा की तुमच्यानंतर ही जिवंत असेपर्यंत घर तिचं. ताट आपटणं त्यासाठीच चाललंय असं मला वाटतं. तिच्यानंतर मुलाला किती मुलीला किती ते तुमचं तुम्ही ठरवा, स्वकमाईचं घर आहे, कुणालाही देऊ शकता. फक्त नाशिकला एक फोन करून मुलीला आधी सांगा. तिला ते नंतर वकिलाच्या नोटिशीतून कळायला नको.

प्रश्न : माझे मिस्टर दीड वर्षापूर्वी अचानक गेले, वय ४४. मृत्युपत्र नाही. फ्लॅटला, बँकेत, शेअर्सना सगळीकडे मीच नॉमिनी आहे. आता सासूबाई म्हणतायत माझा पण वाटा आहे, दीर त्यांना फूस लावतोय. नॉमिनी मी असताना त्यांचा संबंध काय? दोन मुलं आहेत, १४ आणि ९. (पुणे)

उत्तर : ताई, वाईट वाटेल पण सासूबाई बरोबर आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नाही, नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात बँक किंवा कंपनी पैसे देऊन मोकळी होते तो. खरे वारस कायदा ठरवतो. शेअर्सबद्दल जरा संभ्रम होता, तोही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालात संपवला. सोसायटी सुद्धा नॉमिनीचं नाव तात्पुरतं लावते, वारस ठरेपर्यंत.

मृत्युपत्र नसलं की हिंदू पुरुषाची बायको, मुलं आणि आई यांना सारखा वाटा. तुमच्याकडे चार जण, प्रत्येकी पाव हिस्सा. दिराचा आज काही हक्क नाही, पण सासूबाई गेल्या की त्यांच्या पाव हिश्श्यात तो येणार, फूस लावायचं कारण तेच. दुसरं म्हणजे मुलं अल्पवयीन आहेत, त्यांचा हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुम्हाला विकता येत नाही, त्यामुळे फ्लॅट विकून माहेरी जायचा विचार असेल तर हे आधी.

आणि एक, वकिलाकडे जाण्याआधी सासूबाईंशी एकट्या बसून बोला, दीर नसताना. त्यांचा पण मुलगा गेलाय. पुष्कळ म्हाताऱ्या बायकांना पाव फ्लॅट नको असतो, आपल्याला कोण बघणार हे त्यांना हवं असतं. त्या राजी झाल्या तर हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात वडिलांची वडिलोपार्जित चार एकर जमीन. वडील मागच्या वर्षी वारले. दोन भाऊ आणि मी. माझं लग्न १९८९ चं. भाऊ हक्कसोडचा कागद तयार करून आणतायत, म्हणतात तुझं लग्न कायद्याच्या आधीचं म्हणून तुला हक्कच नाही आणि वाटा घेतलास तर मोठा टॅक्स बसेल. आई पण म्हणते सही कर, माहेर तोडू नको. खरं काय आहे? (पिंपरी)

उत्तर : यातलं एकही वाक्य खरं नाही, आईचं सोडून.

लग्नाचं आधी. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तेव्हा त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं, भाऊ तीच जुनी गोष्ट सांगतायत. पण २००५ ला केंद्राचा कायदा बदलला, त्यात लग्नाची अट नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासून आहे, मुलासारखाच. मग हक्क नाही तर हक्कसोड कशाचं लिहून घेतायत, हे एकदा भावांना हसत हसत विचारा.

टॅक्सचं तर सपशेल खोटं. वारसाने जमीन मिळाली त्यावर टॅक्स नाही, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, आणि शहराच्या हद्दीपासून लांब असलेली शेतजमीन पुढे विकली तरी त्यावर कॅपिटल गेन, म्हणजे विकून झालेल्या नफ्यावरचा कर, लागत नाही.

आता सही करायची का. हे मी नाही सांगणार. मी स्वतः १९९६ ला सही केलीये, आमच्या गावच्या जमिनीवर, तलाठी ऑफिसच्या बाहेर पिंपळाखाली उभी राहून, आणि भावाने तिथून नेऊन मिसळ खाऊ घातली होती. जमिनीचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं, पेन हातात दिलं होतं, ते अजून टोचतं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी हेच केलं, दिवाळीची साडी आणि भाऊबीजेचं पाकीट यांच्या बदल्यात, आणि काही जणींचं पाकीट सुद्धा सहीनंतर दोन वर्षांत बंद झालं.

मधला रस्ता पण असतो. वारस नोंदीत आई आणि तुम्हा तिघा भावंडांची नावं सातबाऱ्यावर येऊ द्या, फेरफार होऊ द्या, जमीन भाऊ कसताहेत तर कसू द्या. घाई कुणाला आहे? नाव लागल्यावर पाच वर्षांनी पण सोडता येतं. उलट रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र मागे घ्यायला मात्र कोर्टात फसवणूक सिद्ध करावी लागते. आणि माहेर तुटायचं म्हणाल तर आई आहे तोवर तिचाही या जमिनीत वाटा आहे, तिने स्वतःचा सोडला का ते बघा आधी, बऱ्याचदा तो कागद पण त्याच फाइलमध्ये असतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत, ग्रीन कार्ड आहे. आमच्यानंतर ठाण्याचा फ्लॅट आणि एफडी त्याला जाणार. तिकडे ४० टक्के कापतात म्हणे?

उत्तर : नाही कापत. तिथला फेडरल इस्टेट टॅक्स मेलेल्या माणसाच्या इस्टेटीवर असतो, घेणाऱ्यावर नाही, आणि तुम्ही ना तिथले नागरिक ना रहिवासी, त्यामुळे ठाण्याच्या फ्लॅटशी त्यांना देणंघेणं नाही. मुलाला एकच काम, परदेशी माणसाकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर वारसा किंवा भेट मिळाली तर तिथल्या टॅक्स खात्याचा फॉर्म ३५२० भरायचा. टॅक्स शून्य पण फॉर्म चुकला तर दंड २५ टक्क्यांपर्यंत जातो, तेव्हा आत्ताच कानावर घाला. इथून पैसे न्यायचे तर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्याचं इथल्या बँकेतलं रुपयांचं खातं).

काळजी उलटीकडची करा. हल्ली मोबाइल अॅपवरून अमेरिकन शेअर्स घ्यायचं खूळ आलंय, तुमच्याकडे असतील तर ते तिथली मालमत्ता धरतात, आणि बाहेरच्या माणसाला सूट फक्त ६० हजार डॉलरची. त्याच्या वर त्यांचा कर खरंच लागतो. म्हणजे ज्यांना ४० टक्क्यांची भीती बाळगायला हवी ते दादरला बसून अॅपवर शेअर घेतायत आणि झोप उडालीये तुमची.

प्रश्न : आजीने जाताना तिच्या पाटल्या, बोरमाळ आणि गोठ मला दिले, कागद काहीच नाही. ५०० ग्रॅमच्या वर सोनं असलं तर सरकार घेतं असं वाचलं. लॉकरमध्ये ठेवू का मोडून टाकू?

उत्तर : मोडू नका हो! ५०० ग्रॅम ही सोनं बाळगायची मर्यादा नाहीच. १९९४ ची आयकर खात्याची सूचना आहे, धाड पडली तरी लग्न झालेल्या बाईचं ५००, अविवाहितेचं २५० आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंतचं जप्त करायचं नाही एवढाच तिचा अर्थ. वारशाने आलेल्या सोन्याला मर्यादा नाही, फक्त ते कुठून आलं हे सांगता आलं पाहिजे. आजीचा लग्नातला किंवा कुठल्या मुंजीतला तेच दागिने घातलेला फोटो असेल तर शोधा, आत्या-मामींकडून दोन ओळी लिहून घ्या की आजीने हे हिला दिलं. विकाल तेव्हा मात्र कॅपिटल गेन लागेल, त्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, व्हॅल्युअरकडून काढून ठेवा. आणि आत्यांकडून त्या दोन ओळी या दिवाळीलाच घ्या, सगळ्या एकत्र येतील तेव्हा, कारण बोरमाळ म्हटलं की एखादीला तरी आठवतंच की ती आजीने आधी मला कबूल केली होती.