लगेच उठतो, सकाळी मात्र ढिम्म

प्रश्न : कामामुळे मी बराच काळ घराबाहेर असते. मोठ्या फाइली घरच्या डेस्कटॉपवर आहेत. तो सतत चालू ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हा बाहेरून चालू करता यावा म्हणून ‘वेक ऑन लॅन’ (नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद कॉम्प्युटर चालू करायची सोय) लावलं. राउटरवर यूडीपीचा ९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या संदेशांचं दार, कॉम्प्युटरच्या १९२.१६८.१.४० या पत्त्याकडे वळवला आहे. कॉम्प्युटर बंद करून लगेच मोबाइल डेटावरून त्याला उठवणारा छोटा संदेश, म्हणजे पॅकेट, पाठवलं की तो चालू होतो. पण रात्री बंद केलेला सकाळी उठवायला जावं, तर ढिम्म. बायोसमधलं (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधलं) ‘ईआरपी’ हे वीज वाचवणारं सेटिंग बंद केलं, विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ काढलं, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तीनदा बदलला. आता मदरबोर्डच बदल, असं ओळखीचा एक जण म्हणतो. बदलू का?

उत्तर : नका बदलू. ड्रायव्हरलाही आता हात लावू नका, बिचाऱ्याचा काही दोष नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात उपयोगी पडला तो ‘लगेच’ हा शब्द. बंद केल्या केल्या कॉम्प्युटर उठतो, म्हणजे बंद असतानाही कार्डाला वीज मिळते आहे, कार्ड जागं आहे, त्याने हाक दिली की मदरबोर्ड ऐकतो आहे. शिवाय बाहेरून निघालेलं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत नीट पोचतं आहे. यातलं एक जरी बिघडलेलं असतं तरी तो लगेचही उठला नसता. मग रात्रभरात बदलतं काय? तर राउटर विसरतो.

राउटरकडे पॅकेट येतं ते १९२.१६८.१.४० या आयपी पत्त्याच्या नावाने. घरातल्या तारेवर मात्र आयपी पत्ता चालत नाही, तिथे कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. कोणत्या आयपीचा मॅक कोणता, याची एक छोटी वही राउटर ठेवतो. तिला एआरपी तक्ता म्हणतात. त्यातली नोंद काही काळाने पुसली जाते. घरगुती राउटरांत ही मुदत बहुधा काही मिनिटांची असते, तर सिस्कोच्या मोठ्या राउटरांत मुळात ४ तासांची. नोंद पुसली गेली की राउटर सगळ्यांना विचारतो, ‘४० नंबर कोणाचा?’ चालू कॉम्प्युटर ‘माझा’ म्हणून उत्तर देतो. पूर्ण बंद असलेला देत नाही. कार्ड जागं असलं तरी ते फक्त स्वतःच्या हाकेची वाट बघत असतं, चौकशांना उत्तर देणं त्याच्या कामात बसत नाही. मग राउटर तुमचं पॅकेट टाकून देतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खात्रीसाठी मी तुम्हाला दोन चाचण्या कळवल्या होत्या, त्यांची उत्तरं दुसऱ्या पत्रात आली. रात्रभर बंद ठेवून सकाळी घरच्याच वाय-फायवरून १९२.१६८.१.२५५ या सर्वांसाठीच्या पत्त्यावर पॅकेट पाठवलं, तर कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात उठला. आणि बाहेरून पाठवलं तेव्हा बंद केल्यावर पाचव्या मिनिटाला उठला, विसाव्याला नाही. आता शंकेला जागा नाही. (इतर वाचकांनी पहिली चाचणी पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवरून करू नये. ते जाळं बहुतेक वेळा वेगळं ठेवलेलं असतं आणि तुमची उगाच दिशाभूल होईल.)

उपाय राउटरमध्येच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘आयपी अँड मॅक बाइंडिंग’ किंवा ‘स्टॅटिक एआरपी’ अशा नावाचं पान शोधा आणि ४० नंबरसमोर कॉम्प्युटरचा मॅक कायमचा लिहून टाका. मग विचारायची वेळच येत नाही. इथे एक घोटाळा हमखास होतो. ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाचं पान तुम्हाला लगेच सापडेल आणि तिथेही आयपी-मॅकची जोडीच भरायची असते. पण ते काम वेगळं. ‘हा कॉम्प्युटर पत्ता मागायला आला की त्याला ४० नंबर दे’ एवढंच ते सांगतं. झोपलेला कॉम्प्युटर पत्ता मागायला येतच नाही. रिझर्व्हेशन जरूर करा, म्हणजे ४० नंबर दुसऱ्याला जाणार नाही. पण फक्त त्याने काम होणार नाही.

पोर्ट थेट २५५ कडे वळवायचा सल्ला कुणीतरी देईलच. बहुतेक राउटर ते स्वीकारत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. बाहेरच्या माणसाला तुमच्या घरातल्या सगळ्यांना एकदम हाक मारू दिली की काय होतं ते १९९० च्या दशकातल्या ‘स्मर्फ’ हल्ल्यांनी दाखवलं होतं : एका हाकेला सगळ्यांनी दिलेली उत्तरं एकाच बळीवर लोटली जात. १९९९ पासून राउटरांनी असं पॅकेट मुळात अडवावं असाच नियम आहे.

तुमच्या राउटरमध्ये स्टॅटिक एआरपी नसेलच, तर मला खरं म्हणजे पुढची वाटच जास्त आवडते. रास्पबेरी पाय किंवा तसलं एखादं कमी वीज खाणारं यंत्र घरात कायम चालू ठेवा. बाहेरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणीने) घरच्या जाळ्यात शिरा आणि पॅकेट त्या यंत्राकडून पाठवा. घरातून निघालेल्या हाकेला राउटरच्या वहीची गरज नाही. यूडीपी ९ चं दारही मग बंद करता येतं. उठवणाऱ्या या पॅकेटला मॅजिक पॅकेट म्हणतात. ते म्हणजे ६ वेळा एफएफ आणि त्यापुढे तुमचा मॅक १६ वेळा, एकूण १०२ बाइट. त्यात पासवर्ड नसतो. ज्याला मॅक माहीत आहे आणि ज्याच्यासाठी दार उघडं आहे, तो तुमचा कॉम्प्युटर चालू करू शकतो. नुसता चालू झाल्याने फार बिघडत नाही, पण रिमोट डेस्कटॉपचा पोर्टसुद्धा असाच बाहेर उघडा ठेवला असेल तर तो आजच बंद करा.

वीज जाऊन आल्यावर मात्र पुन्हा ढिम्म होऊ शकतो. पुरवठा पूर्ण तुटला की बऱ्याच मदरबोर्डांवर कार्ड जागं राहत नाही, एकदा चालू करून बंद करेपर्यंत. बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’नंतर काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे ‘पॉवर ऑन’ ठेवा.

ज्यांचा कॉम्प्युटर लगेचही उठत नाही, त्यांचं दुखणं वेगळं. त्यांनी बंद कॉम्प्युटरच्या मागे जाऊन नेटवर्कच्या तारेजवळचा दिवा बघावा. अजिबात लागत नसेल तर आधी बायोसमधलं ईआरपी तपासा. ते बंद अवस्थेतली वीज जवळपास तोडतं. दिवा असेल तर फास्ट स्टार्टअप काढा, कारण त्यातल्या अर्धवट बंद होण्यात विंडोज कार्डाला जागं ठेवत नाही. आणि मॅक पत्ता पुन्हा वाचा. मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. बायोस झालं, ड्रायव्हर झाला, केबलही बदलली, आणि शेवटी कळलं की मी उतरवून घेतलेला मॅक त्याच कॉम्प्युटरच्या वाय-फायचा होता.

प्रश्न : माझं उलटं आहे. स्लीपवर ठेवलेला कॉम्प्युटर रात्री आपोआप चालू होतो. कोणी बाहेरून उठवतं का?

उत्तर : शक्यता फार कमी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘लास्टवेक’ या पर्यायासह द्या, शेवटी कोणी उठवलं ते बहुतेक वेळा तिथे दिसतं. नेटवर्क कार्डाचं नाव आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर जा. तिसरी खूण, फक्त मॅजिक पॅकेटनेच उठू द्या अशी, केलेली नसणार. ती नसली की घरातल्या दुसऱ्या यंत्राची साधी चौकशीसुद्धा त्याला उठवू शकते. माउसचं नाव आलं तर टेबलाला कोण धक्का देतं ते बघा. घरात मांजर असेल तर तिथूनच सुरुवात करा.

प्रश्न : डेस्कटॉप यूएसबीच्या वाय-फाय डोंगलवर आहे. पूर्ण बंद करून उठवता येईल का?

उत्तर : भरवसा ठेवू नका. बंद झाल्यावर डोंगलचा वाय-फायशी संबंधच तुटतो, मग हाक येणार कुठून? राउटरपासून तार ओढा. तार ओढणं शक्यच नसेल, तर कॉम्प्युटर बंद न करता चालूच ठेवा आणि फक्त स्क्रीन बंद करा.